रुग्णभेटीचा चौथा नियम

हा आजार ज्याला झाला आहे त्याला हे पान स्वतःच्या हातात धरता येत नसणार. कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवत असेल. म्हणून आधी त्या वाचणाऱ्याला सांगते: मध्ये थांबा, पाणी प्या, पाठ सरळ करा. पुढचं निम्मं तुमच्यासाठीच लिहिलं आहे.

मी आता बरी आहे. काठी घेऊन जिना उतरते, स्वतःच्या हाताने जेवते. वेणी मात्र अजून घालता येत नाही. हे लिहायला मला अकरा दिवस लागले, कारण थोडं लिहिलं की पेन बोटांतून सुटतं. वय अडुसष्ट. पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून. लग्न केलं नाही. धाकटी बहीण नलिनी, म्हणजे नलू, तिचे यजमान गेल्यावर माझ्याकडे राहायला आली, आणि तेव्हापासून आम्ही दोघी धायरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचं चर्च शहरात आहे. सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीतून रविवारी तिथे पोचेपर्यंत पाळकसाहेबांचा उपदेश बहुधा निम्मा झालेला असतो. त्याबद्दल मी त्या वाहतुकीचे अनेकदा मनातल्या मनात आभार मानले आहेत.

नव्या चपला

सुरुवात तळपायांना मुंग्या येण्याने झाली. त्याच आठवड्यात नव्या चपला घेतल्या होत्या, त्यामुळे दोष चपलांना दिला. दुसऱ्या दिवशी जिना चढताना गुडघे ऐकेनासे झाले. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातल्या स्टुलावरून उठता येईना. नलूने बाहेरून दार वाजवलं.

"ताई, झोपलीस का आत?"

"उठता येत नाहीये."

"का?"

"ते कळलं असतं तर उठले नसते का?"

दोघी साठीच्या पुढे गेल्यापासून आम्ही न्हाणीघराला कडी लावत नाही. ते त्या दिवशी कामी आलं. नलू, शेजारचे दोघे आणि एक प्लास्टिकची खुर्ची, अशी माझी वरात तीन मजले उतरून रिक्षात बसली.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्यावर ठोकलं. काही झालं नाही. पुन्हा ठोकलं. कठीण प्रश्न विचारल्यावर वर्गात पसरते तशी शांतता. डॉक्टरांचा चेहरा बदलला, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

"आजी, याला जीबीएस म्हणतात. आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच नसांवर उलटते."

"आजी नको, बाई म्हणा. बरं होतं का माणूस?"

"बहुतेक जण होतात."

"आणि उरलेले?"

"बाई, आपण उपचार लगेच सुरू करू."

छत्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. मूळ प्रश्नाला बगल दिलेलं उत्तर मला लांबूनच ओळखू येतं. पण त्या मुलाला आणखी छळावंसं वाटलं नाही. तो खरंच घाबरला होता, आणि एका खोलीत दोघांनी घाबरून चालत नाही. तिसरी नलू होतीच. ती माझ्या पिशवीत टॉवेल आहे की नाही हे चार वेळा पाहत होती.

एका श्वासात

दर थोड्या वेळाने कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, एका श्वासात आकडे म्हणा. पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस. संध्याकाळी बारा. प्रत्येक आकड्याबरोबर मी माझीच शिकवणी घेत असल्यासारखी चिडत होते. नवावर आले तेव्हा त्यांनी घशात नळी घातली, आणि माझ्या वतीने एक यंत्र श्वास घेऊ लागलं. ते अठरा दिवस चाललं.

मरणाची भीती वाटली नाही, असं मी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. तशी साक्ष देण्याची पद्धत आहे. पण मला भीती वाटली, आणि पुष्कळ वाटली. प्रार्थनाही सुचली नाही. मी छताचे चौकोन मोजत होते. बेचाळीस होते, त्यातल्या एकावर चहासारखा डाग. जन्मभर प्रार्थना तोंडपाठ असलेल्या माणसाला ऐनवेळी चौकोन आठवतात, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. तुमचं तसं होत असेल तर लाजू नका.

त्या अठरा दिवसांतला सगळ्यात मोठा छळ सांगते. श्वास नव्हे, दुखणं नव्हे. नाक खाजणं. सगळं शरीर लुळं पडलेलं, बोलता येत नाही, आणि नाकाच्या शेंड्याला खाज सुटलेली. एका सिस्टरच्या लक्षात आलं की मी डोळ्यांनी काहीतरी म्हणते आहे. तिने खुर्ची ओढली.

"एकदा मिटा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पाय? पाठ? उशी? कान?"

तिने पायांपासून सुरुवात करून नाकापर्यंत यायला पाच मिनिटं घेतली, आणि पाच मिनिटं तिच्याकडे नव्हती हे मला दिसत होतं. त्यानंतर ती येता-जाता, काही न बोलता, बोटाने माझं नाक खाजवून जायची. तिचा धर्म कोणता ते मला आजही माहीत नाही.

बुधवारी चार वाजता

दीड महिन्याने घरी आणलं. श्वास माझा होता, आवाज परत आला होता, मान वळत होती. हात खांद्यापासून हलत, पण बोटांत जीव नव्हता. पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पलंगावर पडलेले. व्यायाम शिकवायला एक मुलगी येऊ लागली. बाकी सगळं, म्हणजे भरवणं, पुसणं, कूस बदलणं, बेडपॅन, नलूवर आलं.

ब्यूरोतून बाई ठेवून पाहिली. पहिली आठ दिवसांनी भावाच्या लग्नाला गावी गेली. ते लग्न अजून चालू असावं. दुसरी चांगली होती, तिला मीच घालवलं. ती माझ्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलायची, आणि मी तिच्याशी मुख्याध्यापिकेने बोलावं तसं. चौथ्या दिवशी तिने चपला घातल्या. नलू म्हणाली, "आता तिसरी नको. मी करते." त्या वेळी मला हायसं वाटलं, हे कबूल करते.

आणि बुधवारी चार वाजता आमच्या चर्चचं भगिनी मंडळ आलं.

इथे थोडं मागं जायला हवं. आमच्या चर्चमध्ये रुग्णभेटीचं काम बावीस वर्षं माझ्याकडे होतं. आधी सगळा गोंधळ असायचा. कुणी केव्हाही जाई, सात जणी एकदम जात, एकीने काविळीच्या रोग्याला काय खाता, काय पिता, कुणाचं औषध, असं विचारून इतकं दमवलं की त्याच्या बायकोने तिला घराबाहेर काढलं. मग मी नियम केले. भेट बुधवारी चारला, वीस मिनिटं. एक गीत, तीनच कडवी. दोन मोसंबी, फुलं नाहीत. चौथा नियम: रुग्णाला प्रश्न विचारून त्रास देऊ नये. आणि पाचवा: जिला मोठ्याने प्रार्थना करता येते तिनेच जावं. नियम मी सुवाच्य अक्षरात लिहून चर्चच्या कपाटाला आतून चिकटवले होते. सेवा नीटनेटकी असावी, असं माझं मत होतं, अजूनही आहे.

आता त्याच नियमांनी माझ्या पलंगाभोवती पाच जणी उभ्या होत्या. पुढे शालिनीताई, मंडळाच्या माझ्यानंतरच्या अध्यक्षा, स्टार्च केलेल्या साडीत.

"सलाम, बाई. आपल्याला मुळीच त्रास देत नाही आम्ही," त्या म्हणाल्या आणि गीत सुरू झालं.

पहिल्या कडव्यालाच मला लघवीला लागली. दुसऱ्या कडव्याला मी नलूकडे पाहिलं. नलू डोळे मिटून गात होती. तिसरं कडवं, मग वाचन, मग प्रार्थना. प्रार्थनेत माझा धीर, माझी सहनशीलता, माझ्या चेहऱ्यावरची शांती या सगळ्यांबद्दल आभार मानले गेले. ती शांती नव्हती. ती एकाग्रता होती.

त्या गेल्यावर नलू चादर बदलत असताना मला एक माणूस आठवला. पुष्कळ वर्षांपूर्वी सरकारी इस्पितळात आम्ही त्याला भेटायला जायचो. कमरेचं हाड मोडलेला, साधा माणूस. मी प्रार्थना करत असताना तो सारखा पडद्याकडे बघायचा, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी असायचं. मी घरी येऊन नलूला सांगितलं होतं, किती भावुक आहे गं तो. आता पलंगावर आडवी पडून मला कळलं की पडद्याच्या मागे बेडपॅन होतं.

पुढचे सात बुधवार असेच गेले. मोसंब्यांची टोपली भरत गेली. पाच जणींपैकी एकही मला काही विचारत नव्हती. त्या चांगल्या बायका आहेत. मी शिकवल्याप्रमाणे वागत होत्या.

चष्मा

नलूने पेजेत दोनदा मीठ घातलं तेव्हा मी दमणुकीला दोष दिला. सकाळची गोळी संध्याकाळी दिली तेव्हाही. मग एके दिवशी व्यायामवाल्या मुलीने तिच्या हातात नव्या व्यायामांचा कागद दिला.

"काकू, यातला तिसरा आणि पाचवा रोज दोनदा. जरा वाचून बघता, शंका असेल तर?"

"चष्मा आत राहिलाय," नलू म्हणाली. "नंतर वाचते."

चष्मा तिच्या नाकावर होता.

मुलगी गेल्यावर मी नलूला समोर बसवलं. म्हणजे, बस म्हटलं. ती उभीच राहिली.

"तुझ्या डोळ्याची तारीख कधी होती?"

"कसली तारीख?"

"नलू."

नलूचा डावा डोळा लहानपणापासून कामाचा नाही. विटीदांडूतली विटी लागली होती, आणि दांडू माझ्या हातात होता. उजव्यात मोतीबिंदू. मी पडले त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. माझ्या गडबडीत मी ते विसरले, आणि ती विसरल्यासारखी वागली.

"गेले होते मध्ये डॉक्टरांकडे," तिने शेवटी सांगितलं. "तू इस्पितळात असताना."

"काय म्हणाले?"

"पिकलाय म्हणाले. आणखी थांबलात तर आतला दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही दिसेलच असं नाही."

"मग थांबलीस का?"

"ऑपरेशननंतर तीन आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. तुझं वजन कोण उचलणार?" ती पलंगाच्या कडेवर बसली. "तू उभी राहिलीस की करीन. मुलगी म्हणते, चार-पाच महिन्यांत राहाल."

"आणि तोवर?"

"तुझं तोंड कुठे आहे ते पाठ झालंय मला. चमचा चुकत नाही."

हे ती विनोदाने म्हणाली. मला हसता आलं नाही. एकच डोळा, तो माझ्यापायी चालला होता, आणि मी पलंगावर पडून मोसंबी मोजत होते.

उपाय डोळ्यांसमोर होता. दर बुधवारी पाच धडधाकट बायका माझ्या पलंगापाशी उभ्या असत. त्यांना सांगायचं. इतकंच. पण मला जमेना. आठ दिवस मी वाक्य तयार करत होते. बावीस वर्षं मी सेवा केली ते खोटं नव्हतं. पण त्या सगळ्या वर्षांत पलंगापाशी मी उभी असायचे, आणि दुसरं कुणीतरी आडवं. उभ्या माणसाने नम्र असणं फार सोपं असतं. आडवं पडून, ज्या बायकांना मी वाकावं कसं, बोलावं कसं ते शिकवलं, त्यांच्याकडे बेडपॅनसाठी हात मागायचा, हे मला मरणाहून अवघड वाटलं. मरण मी जवळून पाहिलं होतं, त्यामुळे ही तुलना मी जबाबदारीने करते आहे.

आमेननंतर

बुधवारी गीत झालं, प्रार्थना झाली. शालिनीताईंनी मोसंबी काढली.

"शालिनी, बसा जरा. मला बोलायचंय."

पाचही जणी एकमेकींकडे बघू लागल्या. नियमात हे नव्हतं.

"नलूच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पुढच्या मंगळवारी."

"नाही, ताई," नलू दारातून म्हणाली.

"आहे. सकाळी शेजाऱ्यांकडून फोन करवला. तीन आठवडे तिने मला उचलायचं नाही. तेवढे दिवस मला रोज माणूस हवं. प्रार्थनेला नाही. बेडपॅनला."

शेवटचा शब्द म्हणताना माझा आवाज फाटला.  एकीने पदर सारखा केला.

"बाई," शालिनीताई हळूच म्हणाल्या, "एखादी ब्यूरोची बाई..."

"दोन झाल्या. दुसरीला मी माझ्या जिभेने घालवलं. आता परक्या माणसाला घालवायला वेळ नाही, नलूचा डोळा जाईल. तुम्ही मला ओळखता. तुम्हाला माझी सवय आहे."

शालिनीताईंनी हातातली मोसंबी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आम्हाला येत नाही हो, बाई. कधी केलंच नाही. आम्ही तुम्हाला पाडू."

ते खरं होतं. बावीस वर्षांत मी त्यांना कूस कशी बदलायची ते शिकवलं नव्हतं, कारण ते मलाही येत नव्हतं.

शनिवारी पाळकसाहेबांचा फोन आला. नलूने तो माझ्या कानाला लावून धरला. तरुण आहेत, उत्साही आहेत. "बाई, आपण याला सेवा सप्ताह म्हणू या का? तीन आठवडे म्हणजे सेवा पंधरवडा म्हटलं तरी चालेल. चर्चच्या दाराशी छोटा फ्लेक्स लावतो, तुमच्या फोटोसकट. तरुणांना प्रेरणा मिळेल."

"फोटो बेडपॅनसकट असेल तर लावा."

 ते हसले, आणि त्यांनी फ्लेक्सचा विषय सोडला. रविवारी नुसतं सांगितलं, सरळ शब्दांत, कुणाला काय हवं आहे ते. नलू ऐकून आली. म्हणाली, इतका छोटा उपदेश त्यांनी कधी केला नव्हता.

दीनाबाई

सोमवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात दीनाबाई आढाव. हातात कापडी पिशवी, तिच्यात एप्रन, रबरी चादर आणि पावडरचा डबा. येरवड्याहून दोन बस बदलून आल्या होत्या.

दीनाबाईंनी अठ्ठावीस वर्षं इस्पितळात आया म्हणून काम केलेलं. चर्चमध्ये त्या मागच्या बाकावर बसत. रुग्णभेटीला येऊ का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी त्यांचं नाव यादीत राहू दिलं नव्हतं. त्यांना चारचौघांत प्रार्थना येत नसे. दोन वाक्यांनंतर अडखळत. मी त्यांना चहापानाच्या कामाला लावलं होतं.

त्यांनी हात धुतले, माझ्या गुडघ्याखाली एक हात घातला, खांद्याखाली दुसरा.

"दीनाबाई, तुमचं नाव मी दोनदा खोडलं होतं."

"तीनदा," त्या म्हणाल्या. "तीन म्हटलं की श्वास सोडा. एक, दोन..."

मी कुशीवर वळले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा वळताना काही दुखलं नाही.

"राग आला असेल."

"आला की. तुमचा चहा मुद्दाम पाणचट करायचे." पाठीला पावडर लावत त्या म्हणाल्या, "इथे लाल झालंय. दुखतं?"

"हो."

"इथे?"

"कमी."

"खाज?"

त्या एकसारखं विचारत होत्या, आणि मी उत्तरं देत होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि त्याबद्दल मात्र काही विचारलं नाही.

शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका लुळ्या माणसाची गोष्ट आहे. चार जण त्याला बाजेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे दार सापडत नाही तेव्हा छप्पर उसकटून खाली सोडतात. रविवारच्या शाळेत मी ती कितीदा सांगितली असेन. त्याआधीची वर्षं त्याला कुशीवर कोण वळवत होतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मुलांनीही विचारला नाही. मी असं शिकवत होते की विचारावासा वाटू नये.

दीनाबाईंनी दुपारी शालिनीताईंना बोलावून घेतलं आणि माझ्यावर शिकवणी सुरू केली. मी धड्याचा तक्ता. "हात असा नाही, ताई. भांडं उचलत नाहीयात तुम्ही. आधी त्यांना सांगा काय करणार ते." शालिनीताईंनी पहिल्या दिवशी बेडपॅन नेताना तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी फिरवलं नाही. तिसऱ्या दिवशी कॉटनची जुनी साडी नेसून आल्या, आणि मला म्हणाल्या, "बाई, आणखी पाच वर्षं अध्यक्षा राहिले असते तरी हे शिकले नसते."

"मी बावीस वर्षं होते," मी म्हणाले.

सकाळी दीनाबाई, दुपारी शालिनीताई किंवा मंडळातली कुणी, असं तीन आठवडे चाललं. त्या दोनदा पाडतील अशी भीती होती. एकदाच पाडलं, तेही गादीवर.

एकदा मी दीनाबाईंना विचारलं, तुम्ही प्रार्थना करता ना?

"करते. घरी. इथे किती कामं पडलीत."

पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, या सगळ्याने तुमचा विश्वास वाढला का? मी म्हणाले, मोजायचं साधन मिळालं तर सांगते. पण एक खरं. आमच्या चर्चमध्ये जे मी बावीस वर्षं सेवा म्हणून करत होते, त्याच्या आत जे असायला हवं होतं ते मला माझ्या पाठीवर, पावडरच्या हाताने कळलं. कपाटातला कागद त्या महिन्यात काढला. शालिनीताईंनी विचारलं, नवा लिहू का? मी म्हटलं, दीनाबाईंना विचारा.

थेंब

दीनाबाई आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, नलूचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी ती डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून परत आली आणि आम्ही दोघी शेजारशेजारच्या पलंगांवर पडून राहिलो. डॉक्टर म्हणाले होते, उघडल्यावर काय ते कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यातून आली, वाटी काढून. दारातच थांबली. मला वाटलं, दिसत नाहीये. 

ती जवळ आली, वाकायचं नाही म्हणून गुडघे टेकून बसली, आणि माझा चेहरा हातांनी धरून बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "केवढी वाळलीस गं."

"घरी आल्यापासून तूच भरवते आहेस."

"भरवत होते. दिसत कुठे होतं?" ती माझ्या मनगटावरून बोट फिरवत राहिली. "मला कुणी सांगितलं का नाही?"

मग ती रडू लागली, आणि दीनाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "नलूताई, डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हटलंय ना. नंतर रडा. महिन्याने."

थेंब दीड महिना घालायचे होते, दिवसातून चारदा. तीन आठवडे ते दीनाबाईंनी आणि मंडळातल्या बायकांनी घातले. तोपर्यंत माझ्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात जरा जोर आला होता. चमचा धरता येऊ लागला, पेला नाही. दीनाबाईंचा शेवटचा दिवस होता. त्यांनी बाटली हातात घेतली, नलूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई घालतील," त्या म्हणाल्या.

"हिला पेला धरता येत नाही," नलू म्हणाली.

"पेल्याचं कोण बोलतंय?"

मला उशा लावून बसवलं. नलूने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. मांडीला ते वजन कळलं, आणि हे मला नवीन होतं. दीनाबाईंनी माझा कोपर उशीवर टेकवला आणि हात मागे घेतला. बाटली माझ्या दोन बोटांत थरथरत होती.

पहिला थेंब नलूच्या गालावर पडला.

"ताई, डोळा वर आहे."

दुसरा कपाळावर.

"जरा खाली."

"गप्प बस. हलू नकोस."

ती गप्प झाली, आणि उजवा डोळा उघडा ठेवून, न मिटता, माझ्याकडे बघत राहिली. मी श्वास रोखला आणि बाटली दाबली.